एकच ड्रमसेट, तिघांत

पोर्ट चाल्मर्सच्या चढावर, दोरखंडांच्या जुन्या वखारीत
गुरुवारी तीन बँड आहेत आणि ड्रमसेट एक.
तोही स्ट्रूअनच्या आत्याच्या गॅरेजातला,
एका झांजेचा चतकोर उडालेला.

दाराशी मी.
अर्धा बटाटा कोरून शिक्का केलाय.
करायचा होता पेंग्विन, झालंय वांगं.
दहा डॉलर घेते, मनगटावर वांगं उमटवते.
विद्यार्थ्याला पाच.

बाहेर दक्षिणेचा वारा; इथे थंडी तिकडूनच येते.
खाली बंदरात कंटेनर चढतायत.
क्रेन मागे सरकताना भोंगा देते
आणि तो नेमका हळव्या गाण्यातच येतो.
त्याच्याकडून आम्ही तिकीट घेत नाही.

पहिले 'ओली लोकर'. चौघांतली तिघंच,
गिटार लावायच्या आधी माफी मागतात:
एक जण तापानं पडलाय,
आणि तिसरं गाणं अजून पुरतं झालेलं नाही.
तिसरंच बरं होतं.
संपायच्या जागी ते संपलं नाही, थांबलं,
जिन्यात माणूस थांबतो तसं,
किल्ली घेतली का, आठवत.

मग 'उद्या बंद'. ड्रमवर स्ट्रूअन.
यांचा आवाज दाराच्या फळीतून
थेट माझ्या मणक्यात.
बेसवाली फिलिपा दिवसा लोकांचे दात साफ करते;
आत्ता तिचे स्वतःचे दिसत होते, सगळे.

मी मोजून घेतलं. माणसं पंधरा.
नऊ बँडवाले, दोन त्यांचे आईबाप,
एक, ज्याला वाटलं होतं आज क्विझ आहे,
आणि तीन खरे.
क्विझवाला बसून राहिला. कोट काढला नाही, पण बसला.
तीन तिघाडा काम बिघाडा, म्हणतात.
इथे तिघाडा नसता
तर ऐकायला कोण होतं?

शेवटी रेवी आणि मेरेआना, भाऊबहीण.
त्यांचा ड्रमर मागच्या महिन्यात ब्रिस्बेनला गेला,
तिकडे पगार बरा.
पोस्टरवर त्याचं नाव अजून आहे.
ड्रमसेट हलवायचा सगळ्यांनाच कंटाळा,
म्हणून तो मागे तसाच, रिकाम्या स्टुलासकट.

गाणं संथ. बापाबद्दल असावं, किंवा कुत्र्याबद्दल,
शब्द नीट लागत नव्हते.
मेरेआनानं जाड तार छेडली
आणि मागे स्नेअर बोलू लागला.
कुणी हात लावला नव्हता.
त्याच्या पोटाखालच्या बारीक तारा
दुसऱ्याच्या सुरानं आपोआप,
सुपात कुणी तांदूळ पाखडतंय तसा आवाज.

स्ट्रूअनला ओशाळल्यासारखं झालं. वाद्य त्याचं.
आपलं पोर परक्या घरात मध्येच बोललं की होतं तसं.
वाकून, मग गुडघ्यांवर, केबल चुकवत
तो स्टेजवर गेला, खटका पाडायला.
रेवीनं गाता गाताच मान हलवली.
राहू दे.

मग तो परतलाच नाही.
स्टुलावर नाही, खाली फळ्यांवर बसला,
हात मांडीखाली घालून,
हातांचा भरवसा नसल्यासारखा.
मी दार सोडून आत आले होते.
गल्ला मागे बिस्किटांच्या डब्यात, उघडा.
भोंगा झाला. 'ओली लोकर'मधली मुलगी
त्याच्याकडे रागानं बघायला वळली,
भिंतीकडेच वळली बिचारी.

पंचावन्न डॉलर जमले.
तिघांना अठरा अठरा, वर एक.
तो कुणी घेईना. डब्यात राहिला.
फिलिपा म्हणाली, पेट्रोलच वीसचं झालं,
आणि हसली, आणि अँप्लिफायर उचलताना
'आई गं'सारखं काहीतरी म्हणाली, तिच्या भाषेत.

शुक्रवारी सकाळी वाचनालयात
क्विझवाला पुस्तक परत करायला आला.
बाही वर सरकली,
मनगटावर अर्धं वांगं, साबणाला न जुमानलेलं.
मी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला,
जरा जोरातच.
तो म्हणाला, पुढच्या गुरुवारी तरी आहे का क्विझ?
मी म्हटलं, नाही.
बरं, म्हणाला. येतो.