नागमोडी रेघ

अनुभवाच्या रकान्यात तीन ओळी मावतात.
माझ्याकडे दीड आहे.
वरचा रकाना शिक्षणाचा,
तिथे जादा कागद टाचून द्यावा लागतो.

तार्तूच्या रोजगार कचेरीतली पिरेत,
वयाने माझ्या पहिल्या पदवीएवढी,
कागद उलटून बघते, सुलटून बघते.
"डॉक्टरेट," ती म्हणते,
सांधेदुखी म्हणावं तसं.
"दलदलीतले परागकण. बरं. आणि मग?"

मग रास्मुस झाला.
मग बाबांची उजवी बाजू गेली.
मग एका हाताने रास्मुसला पेज, दुसऱ्याने बाबांना बीटचं सूप,
आणि चमचे कधीकधी अदलाबदल.
मग शाळा, खाट, खाटेखालचं भांडं,
मग नुसतीच खाट.
अकरा वर्षं.
हे मी बोलले नाही. म्हटलं, "घरच्या जबाबदाऱ्या."
तिने दोनच कळा दाबल्या.

शेजारची लाइने म्हणाली, पदव्या उडव.
एवढं शिकलेलं माणूस कोण बसवतं गल्ल्यावर?
आपल्याच चुका काढेल, अशी भीती वाटते त्यांना.

रात्री स्वयंपाकघरात बसून उडवल्या.
आधी डॉक्टरेट, सहा वर्षांची,
मग तिच्यामागची दोन वर्षांची,
आणि शोधनिबंध तर पटापट, माशा माराव्यात तसे.
सकाळी बघते, तर भगदाड वाढलेलं.
अकराची एकोणीस झाली होती.

"एकोणीस वर्षं आपण काय करत होतात?"
बेरी भरण्याच्या कारखान्यात विचारलं,
शेड गार, साहेबाच्या तोंडून वाफा.
मला खोटं पटकन सुचत नाही.
खरं सांगितलं.
"अहो, मग तुम्ही इथे टिकणार नाही," तो म्हणाला,
आणि दार स्वतः उघडून धरलं,
डॉक्टरबाईंसाठी.

तेल गेलं, तूप गेलं,
धुपाटणं कारखान्याच्या मालकीचं होतं.

बसची वाट बघताना दलदल आठवली.
नळी खोल उतरवायची, दम धरून वर ओढायची.
काळी, ओली कांडी.
एका वितीत दोन-अडीचशे वर्षं
आणि वास, जुन्या चहाचा.
दोन मीटर दहावर माझ्या कांडीत थरच नव्हते.
चारशे वर्षं नाहीत म्हणजे नाहीत.
जळली असतील,
किंवा शेवाळच वाढलं नसेल तेवढा काळ.
अशा जागी आम्ही नागमोडी रेघ मारायचो
आणि वरून पुन्हा मोजायला लागायचो.
तोंडी परीक्षेत दोन तास घाम काढला माझा,
रेघेबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

धान्य गोदामाच्या वजनकाट्यावर
लेम्बित नावाचा माणूस, अंगठ्याला चिकटपट्टी,
त्याने कोरा अर्ज दिला. मी सगळं लिहिलं,
समासात, पाठीमागे, अक्षर बारीक करत,
आणि मधल्या अकरा वर्षांवर
एक नागमोडी रेघ.

"हे काय?"
"इथे थर नाहीत."
तो बराच वेळ बघत राहिला.
बाहेर ट्रकवाल्याने दोनदा भोंगा वाजवला.
"बूट आहेत?"
"आहेत."
"पहाटेची बस नसते."
"सायकल आहे."
"बर्फात?"
"ढकलत येईन."
"तीन महिने बघू," तो म्हणाला. "पगार विचारला नाहीत."
विचारला.
विचारायला नको होता.

भरलेला ट्रक मोजायचा, मग रिकामा.
भरल्यातून रिकामा वजा.
एवढंच काम. तरी पहिल्या दिवशी
एक चूक केली, चाळीस किलोंची,
लेम्बितने पेन्सिलीने खोडली, बोलला नाही.

बाहीवर गव्हाची धूळ घेऊन घरी आले.
कांडीत गव्हाचा पराग दिसू लागला
की आम्ही वहीत टिपायचो:
इथून पुढे माणसं राहत होती.

रास्मुसने बाही हुंगली, नाक मुरडलं.
"दिवसभर काय केलंस?"
"मोजलं."
"आणि उद्या?"
"बूट आण जरा इकडे," म्हटलं,
"डाव्याचा तळ उकलतोय."