कडेवर

दिवसभर मी लोखंड घासते.
ग्दिनियाच्या गोदीत, जहाजाच्या पोटात उताणी पडून,
जोडांवरचे फुगवटे ग्राइंडरनं उतरवते.
ठिणग्या कॉलरमधून आत जातात, सवय आहे.
म्हणजे लोखंडाशी माझी ओळख जुनी,
हे मी क्सावेरीला पहिल्याच दिवशी सांगितलं.
तो चौदा वर्षांचा. च्युइंगगम गालात सारून म्हणाला,
"मग गुडघे वाकव."

बोर्ड मुलीचा. ती शिकायला व्रोत्स्वाफला गेली, तो दारामागे राहिला.

बंद पडलेल्या सिनेमागृहासमोर ग्रॅनाइटचा कट्टा आहे,
अर्ध्या पोटरीला लागेल एवढा.
चाकांना धरून असलेले बोर्डाखालचे दोन लोखंडी आस,
त्यांना ही पोरं ट्रक म्हणतात.
पहिला आठवडा मला हसूच यायचं:
दोन ट्रक उचलायचे आणि कट्ट्याच्या कडेवर ठेवायचे!
आतली चाकं दगडावर, बाहेरची अधांतरी,
मधलं लोखंड घासत न्यायचं.
नाव फिफ्टी-फिफ्टी.
निम्मा भार मागच्या पायावर, निम्मा पुढच्या.
माझा पडायचा तो
निम्मा मनगटावर, निम्मा ढुंगणावर.

तिरकं यायचं, पण फार तिरकं नाही.
जास्त तिरकी आले की बोर्ड कट्ट्याला धडकून थांबतो
आणि मी थांबत नाही.
उजवी नडगी, मग डावी, मग पुन्हा उजवी, त्याच जागी.
रात्री नऊला दुसऱ्या मजल्यावरच्या लेओकादियाबाई खिडकी उघडतात:
"वयाची नाही तर निदान दगडाची तरी लाज बाळग!"
आणि खिडकी लावतात. रोज. घड्याळ लावून घ्यावं.

क्सावेरी म्हणाला, दगड कोरडा आहे, मेण लागेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला इथं सगळं गाव
आपापल्या थडग्यांवर दिवे लावतं.
बाबांचा लाल काचेचा दिवा आवरायला
मी मार्चपर्यंत गेले नव्हते.
तळाशी पावसाचं पाणी, एक मेलेला किडा,
आणि दोन बोटं मेण.
सुरीनं खरवडून खिशात टाकलं.
चोरी म्हणावी की वारसा, ठरवता आलं नाही.

बाबांनी त्याच गोदीत एकतीस वर्षं काढली.
मला कडेवर घेऊन फाटकापर्यंत यायचे,
क्रेन दाखवायचे, एकेकीचं नाव सांगायचे.
परांचीवरून ते दोनदा पडले होते.
पडण्याबद्दल मात्र कधी काही बोलले नाहीत.

गुडघ्यांवर बसून मी ते मेण कडेला चोळलं,
मागेपुढे, मागेपुढे, तळहात भाजेपर्यंत.
कड काळी झाली, तुकतुकीत.
येणारे-जाणारे बघत होते:
चाळिशी उलटलेली बाई, भर दुपारी, दगडाचे पाय चेपतेय.

मग एप्रिलचा शेवटचा शनिवार. समुद्राकडून वारा.
मागचा पाय आपटला, पुढचा वर ओढला.
डोळे मिटायचे नव्हते, मिटले,
आणि खालून आवाज आला.

गोदीत ग्राइंडर किंचाळतो. हा तसा नव्हता.
खर्जातला, कोरडा,
बुटाखाली जाड साखर यावी तसा,
टाचांतून निघून दातांपर्यंत पोचलेला.
किती लांब? वेल्डिंगच्या एका रॉडएवढा.
दीड वीत म्हणा.
मग बोर्ड उतरला. मी उतरले.
दोघंही उभे.

क्सावेरी बुटाची नाडी बांधत होता.
"ऐकलं," मान वर न करता म्हणाला.
खिडकी बंद. नऊ वाजायचे होते अजून.

बोर्ड उलटा करून पाहिला:
दोन्ही आसांवर नखाएवढी ताजी चकाकी,
आणि तिच्या कडेनं अडकलेलं थोडं मेण.
अंगठ्यानं पुसायला गेले. निघेना.
राहू दिलं.
खिशात आता चिमूटभरच उरलंय
आणि नोव्हेंबर लांब आहे.
उद्या स्वयंपाकघरात
वीज गेल्यावरच्या मेणबत्त्या शोधाव्या लागतील.