हलवायाच्या घरावर

पॉन्टवेनच्या काउन्सिलात बजेटची बैठक.
बाहेर साडेचारलाच वेल्सच्या डोंगरांनी दिवस मिटून घेतलेला.
आत एलेरी बेव्हन, हिशेब विभाग,
गार झालेल्या चहावर तळवा ठेवून
आकडा वाचते :
मोफत बसपासांचा खर्च, यंदाचा,
नऊ लाख चाळीस हजार पौंड.
म्हणजे घरटी छप्पन्न.

घरटी म्हटलं की आकडा
थेट दिवाणखान्यात येऊन बसतो,
बूट न पुसता.

मागच्या रांगेतून इड्रिस हॉपकिन उठला.
नळ, गटारं, पंप, जे गळेल ते दुरुस्त करणारा.
म्हणाला, माझी व्हॅन आहे. डिझेल माझं.
बसमध्ये शेवटचा चढलो तेव्हा
बायकोशी माझी ओळखसुद्धा नव्हती.
छप्पन्न म्हणजे माझी एक सकाळ,
कुणाच्या तरी सिंकखाली पाठीवर पडून काढलेली.
दानाला माझी ना नाही.
मला विचारून करा, एवढंच.

टाळ्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या.
आपल्याकडे याला
हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.
तिकडच्या थंडीत तुळस जगत नाही,
हलवाई मात्र सगळीकडे असतो.

कुणीतरी विचारलं, एक फेरी कितीला पडते?
एक पौंड एक्याऐंशी, एलेरी म्हणाली.
ते तिनं सांगितलं.

सांगितलं नाही ते असं :
शेवटी चारशे सत्तेचाळीस असलेला एक पास
दिवसातून नऊ वेळा यंत्राला टेकतो.
नऊ. रविवार सोडून रोज.
कॉम्प्युटरनं ती ओळ लाल केली होती :
नोंद संशयास्पद, तपासावी.
म्हणून नोव्हेंबरात एक दिवस एलेरी स्वतः
चौदा नंबरच्या बसमध्ये जाऊन बसली.

मॉर्विद प्रॉसर, वय त्र्याऐंशी.
तिसरी खिडकी, हीटरच्या जाळीलगत.
शेवटचा स्टॉप आला की उतरायचं,
देल्विन ड्रायव्हरची सिगारेट संपेतो उभं राहायचं,
पुन्हा चढायचं, पास टेकवायचा.
पिशवीत शब्दकोडं, उकडलेलं अंडं, मिठाची पुडी.
"घरी गॅस पेटवला
तर महिन्याआधी मीच संपेन,"
एलेरी कोण, कुठली, काही न विचारता
तिनं अर्धं अंडं पुढे केलं.

नऊ गुणिले एक एक्याऐंशी.
सोळा पौंड एकोणतीस.
करायचा नव्हता तरी हिशेब झालाच.
पोटासाठी शिकलेली विद्या
अंडं खातानाही थांबत नाही.
वर्षाला सत्त्याऐंशी घरं लागतात
ही एक खिडकी उबदार ठेवायला.
एक आख्खी गल्ली
एका म्हातारीला मांडीवर घेऊन बसलीय
आणि गल्लीला पत्ताच नाही.

पण बस तर तशीही गेलीच असती,
रिकामी, दिवे लावून, नदीकाठानं.
ती खुर्चीत नसती तर
सोळा पौंड वाचले असते का?
कुणाच्या खिशात पडले असते?
या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता.
एलेरीनं मीठ झटकलं, उतरली,
आणि ओळ लालच राहू दिली.

बैठक फेब्रुवारीवर ढकलली गेली.
खुर्च्या आवरताना इड्रिस जवळ आला,
आता आवाज खालचा, टोपी हातात.
"ती चौदा नंबर. तिचा हीटर नीट चालतो ना?
मार्चमध्ये मीच पंप बदललाय.
बिल अजून निघालेलं नाही."

चालतो, एलेरी म्हणाली.
जरा जास्तच चालतो.

मग ती वर गेली, दिवा लावला,
आणि 'किरकोळ, प्रलंबित' लिहिलेल्या फाइलीत
त्याचं बिल शोधत बसली.
शेवटची चौदा नंबर खालून गेली तेव्हा
तिनं मान वर केली नाही.
खिडकीची काच तेवढी
क्षणभर थरथरली.