फळ्यावर पाच ओळी मावतात

सव्वासातला मी फडकं ओलं करते.
चेंदणीच्या शाळेचा फळा, दाराशेजारचा.
उजव्या कोपऱ्यात एक खिळा वर आलेला,
त्याला चुकवताना शेवटची ओळ नेहमी वाकडी जाते.
वर दिनविशेष, खाली सुविचार.
सुविचार मी दोन वर्षांपूर्वी कंटाळून बंद केला.
कोणाच्या लक्षात आलं नाही.

वैती गुरुजींनी वही दिली ती निरोपसमारंभाच्या आधी,
घाईघाईत, घराची किल्ली शेजारी ठेवून जावं तशी.
तीनशे सहासष्ट पानं.
एकोणतीस फेब्रुवारीलाही अख्खं पान:
"त्यालाच का उपाशी ठेवायचं?"

आज पंचवीस जून.
१९३२. लॉर्ड्सवर आपली पहिली कसोटी.
पुढे गुरुजींचं बारीक अक्षर: एकोणीस धावांत त्यांचे तीन गडी!
(नंतर आपण हरलो, ते कुठेच नाही.
वहीलाही थोडं मन असतं.)
१९७५. आणीबाणी.
१९८३. तेच मैदान. विश्वचषक.
आणि समासात, पेन्सिलीने,
खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं:
नानाने छत्री मागितली.

मासळी बाजारात गाठून विचारलं एकदा.
बोंबील उलटसुलट करत म्हणाले,
"कागदावर सही झाली बाराच्या आत, म्हणून पंचवीस.
आमच्या नानाला उचलला पहाटे, म्हणजे सव्वीस.
पण छत्री नेली ती आदल्या संध्याकाळी, माझी, नवी.
आता तुम्हीच सांगा बाई, कुठल्या पानावर लिहू?"
मग कोळणीला, "हे कालचे आहेत."

एकोणीस महिने नाना खाडीकाठच्या तुरुंगात,
घरापासून चालत दहा मिनिटं.
आई त्या दिशेला बघायची नाही.
भांडी घासायची, फार जोरात.
सुटून आला तेव्हा बगलेत तीच छत्री,
दांड्याला सुतळीने बांधलेला नंबर.
नंबर त्याने सोडला नाही
आणि गुरुजींनी छत्री परत मागितली नाही.

त्र्याऐंशी साली आळीत दोन टीव्ही,
त्यातल्या एकाला कायम मुंग्या.
दुसऱ्यासाठी नाना कौलांवर, अँटेना धरून.
खालून हुकूम: "जरा कळव्याकडे फिरव!
आली, आली, आता हलू नकोस!"
तो हलला नाही.
एक चेंडू दिसला नाही त्याला,
नुसते आवाज, कौलांतून वर येणारे.
शेवटचा गडी पडला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र,
तारीख इकडची की तिकडची कोण बघतो,
खाली ताशा, फटाके, कुणाची तरी लुंगी सुटलेली,
आणि वर काळोखात एक माणूस विचारतोय,
"झालं का? सोडू?"

तीन ओळी लिहून झाल्या.
मागे रिद्धी मढवी, पाचवी ब,
युनिफॉर्म नाही, चमकीचा फ्रॉक, हातात गोळ्यांची पिशवी.
"बाई, माझा पण आजच असतो."
असतो म्हणाली. दर वर्षी असणारच, अशा खात्रीने.
चौथी ओळ तिची.
जन्म, २५ जून, कळवा. वजन विचारलं तर तेही तिला पाठ.

पाचवीसाठी खडू उरला नखाएवढा.
खिळ्याला वळसा घालून लिहिलं,
नानाने छत्री मागितली.
मुख्याध्यापक थांबले, चष्मा वर केला.
"याला संदर्भ काय?"
"गुरुजींची वही."
"पण दिली का?"
"दिली."
ते गेले हजेरीपट शोधायला.

उद्या शाहू महाराजांची जयंती.
फोटो येईल, हार येईल,
फळा लख्ख पुसावा लागेल.
खिळ्याजवळ माझा हात नीट पोचत नाही;
बहुतेक 'तली' एवढंच राहील,
आणि सव्वीस जूनला कोणीतरी विचारेल,
बाई, हे काय?