साडे

संध्याकाळी साडेपाचला माझी सकाळ उघडते.
वडगावात मागांचा खडखडाट टिपेला,
बोळात गंगव्वा वाटी घेऊन उभी, विरजणासाठी,
आणि मी कानांवर हेडफोन चढवून म्हणते:
सुप्रभात, ब्रिजटाउनचा दातांचा दवाखाना, मी सुला बोलतेय.
सुलक्षणा तिकडे कुणाच्याच दातांत बसत नाही.

तिकडे आठ, इकडे साडेपाच.
मध्ये एक आख्खा महासागर, वर आणखी एक,
आणि फरक साडेनऊ तासांचा.
नऊ कळतात सगळ्यांना.
साडे समजावून सांगावं लागतं.
तिथल्या काउंटरवरची मार्सिया गिटन्स
पहिल्याच आठवड्यात म्हणाली, अर्धा तास?
तो कशाला ठेवलाय?
मी म्हटलं, विचारून सांगते.
कुणाला विचारणार होते, देव जाणे.

फॉर्म भरताना आप्पा शेजारी बसलेले, चष्मा कपाळावर.
शहराच्या रकान्यात मी बेळगाव टाकलं,
यंत्रानं आपोआप बेळगावी केलं.
आप्पांनी पाहिलं. बोलले नाहीत.
ह्या एका अक्षरापायी
बेचाळीस दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात काढलेत त्यांनी.
मग वेळेचा रकाना आला.
यादी खाली, अजून खाली, बोट दुखेस्तोवर खाली,
आणि आपली वेळ सापडली ती कोलकात्याच्या नावावर.
आप्पा असे हसले की उबळ आली,
पाणी आणून द्यावं लागलं.
"नावासाठी जन्म घातला की गं आम्ही,
आन् वेळ बघ! वेळ बंगाल्यांची!"

कोगनोळीच्या नाक्याला
पाटीवरची अक्षरं गोल होतात,
कंडक्टर तोच राहतो, मनगटातलं घड्याळही.
कागलात सात तर निपाणीत सात.
एवढी भांडलेली हद्द,
आणि मिनिटभराचाही फरक नाही तिच्यात.

मिस्टर गुडिंग, वय एक्क्याऐंशी, खालची कवळी.
त्यांना दहाला यायचं होतं,
म्हणजे माझे साडेसात.
नेमकी तेव्हा वीज गेली, गल्लीतले माग एकदम थांबले,
त्या शांततेत दचकून मी वहीत नुसते सात लिहिले.
दुसऱ्या दिवशी मार्सियाचा निरोप:
ते साडेनऊपासून बाहेर बाकावर बसलेत,
टोपी मांडीवर, शर्टाला कडक इस्त्री.

फोन केला. माफी मागितली, तीन वेळा.
म्हातारा म्हणाला, म्हणजे हा अर्धा तास तुमच्याकडचा होता तर!
बरा होता. ऊन कोवळं होतं.
कुंपणाखालून एक मुंगूस गेलं.
तुमच्याकडे असतात का मुंगूस?
असतात, मी म्हटलं.
पुढं काय बोलावं ते सुचलं नाही.
आमच्या परड्यातलं आठवलं,
ते कधीच कुणासाठी थांबत नाही.

गंगव्वाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ओंबत्तूवरे?"
आमचं साडे नवाच्या पुढं चालतं,
तिचं वरे नवाच्या मागून येतं.
अर्धा तेवढाच.
वाटी परत देताना तिनं तळाला कढीपत्ता घातलेला,
त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

अडीचला माझे पाच वाजतात.
अडीचला साडे लागत नाही, त्याचं ते समर्थ आहे.
मार्सिया दिवे मालवते, उद्या भेटू म्हणते,
तिचा उद्या माझ्या अंगणात अडीच तासांपूर्वीच येऊन पडलाय.
रस्त्यावरून गोव्याची भाजी निघालेली,
कोबी, गाजरं, ताडपत्रीखाली दबलेली कोथिंबीर,
चोर्ल्याचा घाट उजाडायच्या आत उतरायचा असतो त्यांना.

जिन्यात पायरी वाजली की आप्पा जागे होतात.
"किती वाजले?"
अडीच.
"तिकडं?"
पाच. संध्याकाळचे.
थोडा वेळ काहीच नाही. मला वाटतं, झोपले.
मग अंधारातून,
हसू दाबत:
"आन् कलकत्त्यात?"