वादी

हिर्लेकरबाईंच्या पासपोर्टावर शिक्का होता:
कुटुंबासोबत. काम करण्यास परवानगी नाही.
त्या शिक्क्याखाली त्यांनी एकतीस वर्षं
काम केलं.

रुवीत, तळमजल्यावर, लॉण्ड्रीच्या मागच्या दारासमोर.
गुरुवारी चार वाजता आम्ही चपला काढायचो
आणि बाई सगळ्यात आधी एसी बंद करायच्या.
"पांढरी चारही नाही, काळी तीनही नाही,
अधल्यामधल्यात घरघरतो मेला.
तुमचा सा बिघडवील."
बाहेर चव्वेचाळीस. आत आम्ही सात जण,
दोन मल्याळी, एक मंगळुरी, बाकी आपले,
इस्त्रीच्या वाफेत शिजत.
घाम आला तर कपाळ पुसायचं. सूर सोडायचा नाही.

फी नव्हती. फी म्हटली की ते काम झालं असतं.
पेटीच्या खोळीखाली कुणीतरी पाकीट सरकवायचं,
बाईंना ते दिसायचं नाही.
बिजूची आई फणसाचे गरे पाठवायची.
वरच्या मजल्यावरून उम्म सालिम हलवा घेऊन उतरायची,
म्हणायची, "तुमच्या मुली रडतात फार गोड."
रडत नव्हतो. तो आलाप होता.

जुन्या बंदिशींत मोर होते, काळे बादल होते.
नीरजने एकदा विचारलं, "बाई, पपीहा कसा दिसतो?"
दाखवायला म्हणून बाई खिडकीशी गेल्या.
समोर डिश अँटेना. त्यावर एक कावळा, तोही चोच उघडी टाकून.
त्या रात्री त्यांनी मारव्यात बांधलं:
*खारी बयार चले, दीप ना ठहरे.*
आणि समेवर आणून ठेवला
लोबानाचा धूर.

तेव्हापासून बांधतच गेल्या.
पण पुरी बंदीश कुणाच्याच गळ्यात बसली नाही.
मुखडा जमला, अंतऱ्याला हात घातला
की कुणाच्या तरी बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपायचं.
नीरज गेला स्थायीच्या दुसऱ्या ओळीवर.
देवस्थळ्यांच्या जुळ्या गेल्या,
एकीकडे ताना, दुसरीकडे तिहाया.
मी अंतरा घेऊन गेले.
विमानतळावर बाई कुणालाच सोडायला आल्या नाहीत.
पुढच्या गुरुवारी सतरंजी मात्र पूर्ण अंथरायच्या,
घडी घालून लहान करायच्या नाहीत.

वादी म्हणजे रागाचा राजा, असं त्या शिकवायच्या.
दाराबाहेर वादी म्हणजे कोरडी नदी,
तिच्या पात्रात आम्ही क्रिकेट खेळायचो.
मी दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहून ठेवले होते.

मग एका जूनमध्ये वादळ आलं
आणि राजा घरात शिरला.
मांडीपर्यंत. पेटी म्हणे क्षणभर तरंगली,
मग भाता भरून खाली बसली.
एकशे चौदा बंदिशींची वही
चहाच्या रंगाची झाली, आणि तितकीच पातळ.

डिसेंबरात मला फोन. मी हॅमिल्टनला,
गाडीपुढचा बर्फ उपसत होते.
"तुझ्याकडे माझं काय आहे?"
कशी आहेस नाही, काही नाही.
फावडं भिंतीला टेकवून
मी अंतरा म्हटला, अठरा वर्षांनी,
शेजारचा म्हातारा कुत्र्यासकट थांबून बघत होता.

पलीकडे पेन चालत होतं. मग थांबलं.
"पंचम लावलास."
मारव्यात पंचम नसतो.
हे मला नवव्या वर्षापासून ठाऊक आहे.
"विवादी लागला, बाई. थांबा, पुन्हा म्हणते."

फोनमध्ये त्यांचा एसी ऐकू येत होता.
पांढरी चारही नाही, काळी तीनही नाही.

"नको," त्या म्हणाल्या.
"मी नक्की काय बांधलं होतं, ते आता मलाही सांगता यायचं नाही.
राहू दे तिथे. शोभतोय."
पेन पुन्हा चालू झालं.
मग घाईघाईने,
"चल, ठेवते. कार्डात सहाच मिनिटं उरलीत,
आणि बिजूचा मुखडा यायचाय."