एक छिद्र कमी

यारोमीर उतरला तो बूट हातात घेऊनच.
पत्रात मीच लिहिलं होतं, देवळात पादत्राणं काढतात.
त्यानं ते फलाटापासून पाळलं.
"घाल रे," म्हटलं, "नाशिकरोडला एवढा देव नाही."

छत्तीस वर्षं पत्रं, आणि आज पहिल्यांदा आवाज.
माझ्या अक्षरावरून त्याला वाटलेलं
मी उंच असेन.

आधी गंगेवर नेलं.
नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
इथे तर गोदावरी लिहिलंय.
आता काय सांगणार?
मस्टरवर मी विश्राम खैरनार, घरात बाळू,
तसंच काहीतरी.

दुतोंड्या मारुती दाखवला.
कमरेला पाणी लागलं की सराफ बाजार कान टवकारतो,
छातीला लागलं की भांडी बाजारातली पातेली माळ्यावर जातात.
"आणि डोक्यावरून गेलं तर?"
"मग मोजायचं थांबवतो."
हे त्यानं वहीत लिहून घेतलं,
खाली दोन रेघा मारून.

मिसळीचा पहिला घास, दुसरा,
तिसऱ्याला कान लाल.
पोऱ्यानं तेव्हा विचारलं, काका, पाहुण्यांना तर्री कमी करू का?
यारोमीर डोळे पुसत म्हणाला, हा काय म्हणतोय?
म्हटलं, अजून पाव हवाय का विचारतोय.
"हो," म्हणाला. आणि खाल्लाही.

पांडवलेणीच्या पायऱ्या तो मोजत चढला,
मी गुडघा मोजत.
"पांडव कुठल्या खोलीत राहायचे?"
"राहिलेच नाहीत. भिक्षू राहायचे. नाव पांडवांचं पडलं."
"म्हणजे गंगेसारखंच."
आत, दगडावर, कुण्या राजाचा जावई लिहून गेलाय:
विणकरांकडे पैसे ठेवले, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं.
माझं पेन्शन आठवलं, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय.
यारोमीरनं अक्षरांच्या अगदी जवळ बोट नेलं
आणि लावलं नाही.
जन्मभर चिमट्यानं तिकिटं उचललेला माणूस.

चारला म्हणाला, आता ते दाखव.
द्राक्षांचे मळे नकोत, धबधबाही नको,
ते.

तर आम्ही प्रेसच्या भिंतीशी उभे राहिलो.
लांबच लांब भिंत, वर तारा, आत चिंचेचा शेंडा.
ब्रनोहून एवढ्यासाठी आला होता तो.
मोबाईल वर केला आणि गेटवरचा पोरगा धावत आला,
फोटो नहीं, आगे चलो.
मी म्हटलं, मी एकतीस वर्षं इथे काम केलंय, तिकिटांना छिद्रं पाडायचो.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग यारोमीरकडे,
दोघांना एकाच हातानं हाकललं.
त्याच्या लेखी आम्ही दोन पाहुणे.

समोरच्या टपरीवर चहा.
यारोमीरनं खिशातून पाकीट काढलं, त्यातून पाकीट,
त्यातून एक रुपयाचं तिकीट, कुठलासा पाणपक्षी,
आणि दात मोजायची त्याची ती पट्टी.
"हे बघ. डावीकडे, खालून सहावा."
दोन दात एकमेकांना चिकटलेले.
एक छिद्र पडलंच नव्हतं.

मला बघायची गरज नव्हती.
पिन तुटली होती. लक्षात येईपर्यंत
गठ्ठाभर कागद पुढे गेलेला,
थोरलीला त्या आठवड्यात कावीळ, मी दोन रात्री जागा.
सगळं पकडलं, जाळलं, म्हणाले होते.
सगळं नव्हतं तर.

"माझ्याकडचं सगळ्यात महाग हेच," तो म्हणाला,
"किती क्राउन दिले ते बायकोला सांगितलेलं नाही."
म्हटलं, मलाही महाग पडलं. मेमो मिळाला, एक वेतनवाढ गेली.
"मेमो म्हणजे?"
"पत्रच. फक्त उत्तर तीन दिवसांत द्यावं लागतं."
"तू काय लिहिलंस?"
"पुन्हा होणार नाही, असं."

त्यानं तिकीट पाकिटात, पाकीट पाकिटात ठेवलं,
बटण लावलं, चहा संपवला, गाळासकट.
"झालं नाही," म्हणाला.
"मी अजून शोधतोय."